तीन इंचांचा बोजा

उंची ही पूर्वी विकत मिळणारी वस्तू नव्हती. ती आजोळाकडून येई, नाहीतर येत नसे. आणि न आलीच तर तिचा दोष मामांच्या माथी मारून मनुष्य आपल्या पुढच्या उद्योगाला लागे. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळात शाळकरी पोराची विजार शिवावयास टाकताना आई शिंप्याला ‘वाढत्या अंगाची बेता’ एवढे बजावून सांगत असे आणि शिंपी खाली चार बोटे कापड आत दुमडून ठेवीत असे. त्या दुमडीपलीकडे उंचीसाठी कोणत्याही कुटुंबाने आगाऊ आर्थिक तरतूद केल्याचे ऐकिवात नाही. आता मात्र असा काळ आला आहे की, आपल्या दोन्ही पायांची धडधाकट हाडे शस्त्रवैद्याकडून रीतसर तोडून घ्यावीत, ती तिळातिळाने लांबवावीत, आणि सहा-आठ महिने अंथरूण, चाकाची खुर्ची व कुबड्या असा त्रिस्थळी प्रवास करून दोन-तीन इंच वाढीव उंचीसह समाजात पुनरागमन करावे, अशी सोय पैसे मोजणाऱ्यास उपलब्ध झाली आहे. आणि ज्या अर्थी पैसे मोजण्याचा प्रश्न आला, त्या अर्थी हा विषय वैद्यकाच्या हद्दीतून निघून जमाखर्चाच्या हद्दीत आला, जेथे हाडांविषयी काहीही न कळणाऱ्या माणसालाही मतप्रदर्शनाचा अधिकार पोहोचतो.

या विद्येचा उगम मात्र हौसेत नाही, दुःखात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैबेरियाच्या पश्चिम टोकाला कुर्गान या प्रांतात गाव्रिल इलिझारोव्ह नावाचा एक डॉक्टर, ज्यांची मोडलेली हाडे काही केल्या सांधत नव्हती अशा जायबंदी लोकांवर उपचार करीत असे. १९५१ च्या सुमारास त्याने पायाभोवती धातूची कडी बसवून, त्या कड्यांतून सायकलीच्या चाकातल्या तारांसारख्या तारा हाडात आरपार घालून एक यंत्र सिद्ध केले. आणि तोडलेल्या हाडाची दोन टोके पुरेशा सावकाशीने एकमेकांपासून दूर नेली असता मधली पोकळी निसर्ग नव्या हाडाने भरून काढतो, हा अद्भुत सिद्धांत त्याच्या हाती लागला. पुढे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळविणारा वालेरी ब्रुमेल मोटारसायकलच्या अपघातात पायाने अधू झाला, अनेक शस्त्रक्रिया करूनही सुधारेना, तेव्हा १९६८ साली तो याच कुर्गानला गेला व बरा होऊन पुन्हा उड्या मारू लागला. पोलिओने किंवा अपघाताने ज्यांचा एक पाय आखूड राहिला, अशा आपल्या देशातील कितीतरी माणसांना या विद्येने समपाद उभे केले आहे. त्यांच्याविषयी विनोद करण्याचे पातक कोणी करू नये, आणि मीही करीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय, दोन्ही पाय सारखेच लांब असून ते दोन्ही सारखेच आखूड आहेत अशी ज्यांची तक्रार आहे, त्या मंडळींपुरता मर्यादित आहे.

या मंडळींसाठी निसर्गाने जो नियम घालून दिला आहे तो मोठा मार्मिक आहे. हाड दिवसाला एक मिलिमीटर लांबविता येते, आणि तेही एकदम नव्हे, तर पाव-पाव मिलिमीटरच्या चार हप्त्यांत. घाई केली तर मधल्या पोकळीत हाड धरत नाही. आळस केला तर ते मुदतीपूर्वीच सांधून मोकळे होते. जुन्या पद्धतीत रुग्ण किंवा त्याचा नातलग दिवसातून चार वेळा पान्याने यंत्राची आटी फिरवी. नव्या पद्धतीत हाडाच्या पोकळीतच एक दुर्बिणीसारखी लांबणारी कांब बसवितात आणि मांडीवर बाहेरून चुंबकाचे यंत्र धरून ती तसूतसूने वाढवितात. हाड वाढते ते हप्त्याने, हे निसर्गाने ठरविले. त्याचे पैसेही हप्त्यानेच फेडावेत, हे सावकारांनी ठरविले. अमेरिकेत लास व्हेगास येथे २०२२ च्या सुमारास या सौद्याचा दर सत्तर हजारांपासून दीड लाख डॉलरपर्यंत होता आणि गिऱ्हाइकांत संगणकाच्या बड्या कंपन्यांचे नोकरदार पुष्कळ होते, अशी वार्ता छापून आली होती. त्यांतले कित्येक कर्ज काढून आले होते, यावरून थोर पगार व थोर उंची यांचा जन्मतः काही संबंध नसावा असे दिसते.

आपल्याकडे दर पुष्कळ उतरता असला तरी तो लाखांतच आहे. तेव्हा मोहोळ तालुक्यातील एखाद्या बागायतदाराच्या पाच फूट पाच इंच चिरंजीवांना पाच फूट आठ इंच होण्याची इच्छा झाली आहे असे समजून एक अंदाजपत्रक मांडून पाहू. शस्त्रक्रिया, कांब व इस्पितळ मिळून १५ लाख रुपये धरू. यावर सरकार १८ टक्के वस्तू व सेवा कर घेते, कारण एरवी रोग्याची शुश्रूषा करमुक्त असली तरी सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया त्या माफीत बसत नाही. जन्मजात व्यंग किंवा अपघात असेल तर माफी, हौस असेल तर वसुली, असा हा स्वच्छ न्याय आहे. म्हणजे झाले १७ लाख ७० हजार. विमा कंपनीकडे जाण्यात अर्थ नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना वगळता रूप पालटण्याचा खर्च देय नाही, हे तिने पॉलिसीत आधीच लिहून ठेवलेले असते. तेव्हा बँक. बारा टक्क्यांनी पाच वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढल्यास दरमहा ३९ हजारांच्या वर हप्ता बसतो आणि अखेरीस २३ लाख ६२ हजार रुपये फेडावे लागतात. तीन इंच म्हणजे ७६ मिलिमीटर आणि वर थोडा चुरा. भागाकार केला असता एका मिलिमीटरचा भाव ३१ हजार रुपये येतो. अर्थात चुंबकाचे यंत्र मांडीवरून एकदा फिरले की पावणेआठ हजार रुपये खर्ची पडले, आणि असे ते तीनशेहून अधिक वेळा फिरावयाचे असते. इतक्या सूक्ष्म मोजमापाने मोहोळात आजवर फक्त सोने विकले गेले आहे, आणि सोने निदान अडीअडचणीला मोडता येते.

येथेच कर्ज व उंची यांच्या स्वभावातील मूलभूत विरोध प्रकट होतो. जमीन घेतली तर ती तारण राहते, ट्रॅक्टर घेतला तर तो ओढून नेता येतो, परंतु थकबाकीदाराची वाढीव उंची जप्त करून तिचा तहसील कचेरीसमोर जाहीर लिलाव पुकारावा, अशी तरतूद अद्यापि कोणत्याही कायद्यात नाही. त्यामुळे शहाणी बँक चिरंजीवांच्या पायांकडे पाहतच नाही. ती वडिलांचा सातबारा मागते. मग तलाठ्याकडे नोंद होते, फेरफार पडतो, आणि उंची मुलाच्या मांडीत व बोजा बापाच्या उताऱ्यातील ‘इतर अधिकार’ या रकान्यात, अशी त्या तीन इंचांची कायदेशीर वाटणी होते.

आणि हा झाला केवळ दृश्य खर्च. खरा खर्च सुरू होतो तो मुलगा घरी आल्यावर. हाड लांबते ते वैद्याच्या आज्ञेने, पण स्नायू, शिरा व नसा यांना कोणी विचारलेले नसते. ते आपल्या जुन्या लांबीवर अडून बसतात. टाचेमागचा पट्टा ताणून टाच जमिनीला टेकेनाशी होते, गुडघा वाकेनासा होतो, आणि त्यांची मनधरणी करण्यासाठी व्यायामोपचाराच्या माणसाला महिनोन्महिने दररोज घरी बोलवावे लागते. लांबविणे अडीच महिन्यांत आटोपले तरी नवे हाड पक्के होण्यास त्याच्या दुपटीहून अधिक काळ लागतो. वर्षा-दोन वर्षांनी कांब काढावयाची तिचे बिल निराळे. माळवदाच्या घरात कमोड नसतो, तो बसवावा लागतो. उंबरे फोडून चाकाच्या खुर्चीला वाट करावी लागते. दूध, अंडी, औषधे, वारंवारच्या क्षकिरणचित्रांसाठी सोलापूरची भाड्याची गाडी. आईचे कंबरडे, भावाची पाण्याची पाळी आणि बहिणीची परीक्षा या रकमा कोणत्याच पावतीवर येत नाहीत, पण ताळेबंदात त्या सर्वांत मोठ्या असतात. ज्याची उंची वाढावयाची तो आडवा होतो आणि त्याच्याभोवती खर्च तेवढा उभा राहतो.

या काळात समाचाराला येणाऱ्या मंडळींचा चहा हे एक स्वतंत्र खाते आहे. आमच्या भागात कोणाचा पाय मोडल्याची बातमी लागली की गावातील ज्येष्ठ मंडळी सहानुभूती घेऊन येतात, परंतु सहानुभूतीला कारण लागते. संभाषण साधारण असे चालेल:

“गाडीवरनं पडला व्हय ओ?”

“न्हाई आप्पा, पडला न्हाई.”

“मग ट्रॅक्टर?”

“ट्रॅक्टर बी न्हाई. डॉक्टरांनी तोडलंय.”

“आगं आई! साखर हुती का काय?”

“साखर न्हाई ओ. उंची वाढवायला तोडून घेतलंय.”

आप्पा बशीतला चहा संपवितात, बशी पालथी घालतात, अंथरुणावरच्या तरुणाकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा आणि पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहतात आणि म्हणतात, “आता निजलाय तवर काय कळायचं न्हाई. उभा राहिला म्हंजी निरोप धाडा.” एवढे बोलून ते उठतात व जुन्या घराच्या चौकटीतून बाहेर पडताना सवयीने मान लववितात. ज्या घरातील प्रत्येक दरवाजा पाहुण्याला वाकावयास लावण्याच्या हिशेबानेच ठेंगणा बांधलेला आहे, त्या घरात ३१ हजार रुपये मिलिमीटर दराने उंची आणणे म्हणजे कपाळमोक्षाची आगाऊ नोंदणी करणे होय. परंतु घरात वडील माणसे असताना दोष नेहमी चौकटीला देण्यात येतो.

इतका खर्च करून ही उंची खपवावयाची तरी कोठे? मोहोळात माणसाची उंची अधिकृतपणे विचारली जाते अशी दोनच ठिकाणे मला ठाऊक आहेत. पहिले पोलीस भरती. पहाटे पंढरपूरच्या रस्त्याने पाहिले तर भरतीच्या आशेने धावणारी पोरे अंधारात दिसतात. महाराष्ट्र पोलीस दलात शिपाई होण्यास पुरुषाला १६५ सेंटिमीटर उंची लागते. पट्टीखाली टाचा भिंतीला टेकवून, पोट आत घेऊन, श्वास रोखून उभा राहिलेला मुलगा आणि त्याच्या डोक्यावर हळूहळू उतरणारी ती आडवी फळी, हे दृश्य न्यायालयातील निकालापेक्षा गंभीर असते. अर्ध्या सेंटिमीटरने माणूस शिपाई होतो किंवा परत पाणी धरायला जातो. रात्रीच्या झोपेनंतर मणक्यांमधल्या गाद्या फुगून माणूस सकाळी किंचित उंच असतो, हे शरीरशास्त्र या पोरांना पाठ असते, आणि म्हणून मापाची पाळी सकाळी लवकर यावी यासाठी ती देवाला साकडे घालतात. येथे तरी विकतची उंची उपयोगी पडेल असे कोणी म्हणेल. पण त्याच मैदानावर पुढे १६०० मीटर धावावयाचे असते, आणि ताणून लांबविलेल्या पायांना पूर्वीचा वेग परत मिळण्याची हमी कोणताही शल्यचिकित्सक लिहून देत नाही. जो अर्ध्या सेंटिमीटरने नापास झाला असता, त्याने लाखो रुपये ओतून मिनिटांनी नापास व्हावे, यात प्रगती कोणती ते मला उमगत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे लग्नाचे टिपण, ज्याला आता बायोडाटा म्हणतात. त्यात उंचीचा रकाना असतो खरा. परंतु आमच्या जिल्ह्यातील उपवर मुलांच्या व्यथेचे मूळ त्या रकान्यात नाही, याचा जाहीर पुरावा उपलब्ध आहे. २१ डिसेंबर २०२२ रोजी मोहोळचे रमेश बारसकर यांच्या ज्योती क्रांती परिषदेने सोलापुरात जिल्हाधिकारी कचेरीवर नवरदेवांचा मोर्चा नेला. लग्न न जमणारी मुले नवऱ्या मुलाच्या वेषात घोड्यावर बसून, वाजतगाजत सरकारकडे दाद मागावयास गेली. मुलींची संख्या घटली आहे, गर्भलिंगनिदानप्रतिबंधक कायद्याची कडक अंमलबजावणी करा, असा त्यांचा अर्ज होता. त्या अर्जात उंचीविषयी चकार शब्द नव्हता, आणि उंचीची हौस भागवावयाची तर घोड्याच्या पाठीवरून ती त्या दिवशी भाड्याच्या पैशात यथास्थित भागली होती. वधूपिता आज नोकरी विचारतो, पगार विचारतो, जमीन कालव्याखाली आहे की कोरडवाहू ते विचारतो. मुलगा उभा राहिल्यावर कोठपर्यंत येतो हे तो सर्वांत शेवटी आणि तेही सुपारी फोडता फोडता पाहतो.

घरच्यांना अंधारात ठेवून हा व्यवहार उरकता येईल, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी मोहोळावरून जाणाऱ्या पासष्ट क्रमांकाच्या महामार्गाने सरळ पूर्वेस हैदराबादेपर्यंत जावे. तेथे २०१६ साली एका पाच फूट सात इंच तरुण संगणक अभियंत्याने आईबापांना न सांगता तीन इंचांसाठी दोन्ही पायांची शस्त्रक्रिया करून घेतली. मुलगा नाहीसा झाला म्हणून पालकांनी पोलिसात फिर्याद दिली, तेव्हा तो इस्पितळातल्या खाटेवर सापडला. प्रकरण राज्याच्या वैद्यक परिषदेपुढे गेले आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला दोन वर्षे व्यवसायबंदी झाली. पाच फूट सात इंच ही उंची आमच्याकडे ‘मुलगा उंचापुरा आहे’ या सदरात मोडते, हे त्या तरुणाला कोणीतरी वेळीच सांगावयास हवे होते. मोहोळच्या कोणीही ते फुकट सांगितले असते.

वास्तविक उंची या विषयात मोहोळचा अधिकार साऱ्या देशाने मान्य केलेला आहे, फक्त तो माणसांच्या बाबतीत नाही. रब्बी ज्वारीचा मालदांडी एम ३५-१ हा विख्यात वाण १९३० च्या दशकात याच मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडण्यात आला. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या कृषिशास्त्रज्ञांनी पिकांची उंची कमी करण्याचा सपाटा लावला होता, कारण खताने माजलेले उंच ताट वाऱ्यापुढे लोळते आणि दाणा मातीत जातो. गव्हाला बुटका केला, भाताला बुटका केला, आणि १९६४ साली संकरित ज्वारीही ठेंगणी होऊन आली. पण आमच्या भीमा-सीनेकाठच्या शेतकऱ्याने आपल्या शाळूची उंची सोडली नाही. उतारा कमी पडला तरी चालेल, पण पुरुषभर उंच धाट हवे, असा त्याचा हट्ट होता, आणि तो हट्ट सौंदर्यदृष्टीचा नव्हता: धाटाचा कडबा होतो, कडब्यावर जनावर जगते, आणि दुष्काळात कडब्याच्या शेकड्याचा भाव दाण्याच्या भावाशी स्पर्धा करतो. उंचीचा उपयोग काय आणि तो कोणाला, एवढे दोन प्रश्न त्याने विचारले आणि त्यांची उत्तरे गोठ्यात बांधलेली होती. हेच दोन प्रश्न चिरंजीवांना विचारले असता ते आरशाकडे पाहू लागतात.

तथापि लोकांची हौस आणि डॉक्टरांची विद्या या दोहोंना आता आवर घालणे शक्य नाही, हे ओळखून मी एक नम्र प्रशासकीय सूचना करून ठेवतो. ज्याप्रमाणे जमिनीचा सातबारा असतो, त्याप्रमाणे उंचीचाही एक उतारा काढण्यात यावा व तो लग्नाच्या टिपणास जोडणे सक्तीचे असावे. त्यात मूळ उंची, वाढीव उंची, वाढीचे प्रयोजन, कर्ज देणाऱ्या बँकेचे नाव आणि शिल्लक हप्ते यांची खाडाखोड न करता नोंद असावी: एकूण पाच फूट आठ इंच, पैकी वडिलोपार्जित पाच फूट पाच, कर्जाऊ तीन. आमच्या तालुक्यातील वधूपित्यांची हयात उतारे वाचण्यात गेलेली आहे. ते वाढीव आणि विनावाढीव अशा दोन्ही स्थळांचे कागद शेजारी शेजारी ठेवतील, चष्मा पुसतील, वरच्या ओळींवरून नजर न थांबविता थेट इतर अधिकाराच्या रकान्यावर येतील. आणि तेथील बोजा वाचून झाल्यावर, पाच फूट पाच इंचांचे निर्वेध व निजोखमीचे स्थळ पसंत असल्याचे कळवून तारीख विचारतील.